रॉबेन पडला, शिट्टी वाजली: फोर्टालेझाच्या एका पेनल्टीचा पंचनामा

29 जून 2014. ब्राझीलमधल्या फोर्टालेझाचं कास्तेलाओ स्टेडियम, दुपारी एकला सुरू झालेला सामना आणि अंग भाजून काढणारं ऊन. फुटबॉल विश्वचषकाच्या शेवटच्या सोळा संघांच्या बाद फेरीत नेदरलँड्स आणि मेक्सिको समोरासमोर होते. उकाडा इतका होता की दोन्ही हाफमध्ये खेळ थांबवून खेळाडूंना पाणी प्यायला वेळ दिला गेला.

48व्या मिनिटाला जिओवानी दोस सांतोसने लांबून मारलेला फटका जाळ्यात गेला आणि मेक्सिकोने आघाडी घेतली. मग गोलरक्षक ओचोआने ती जिवापाड सांभाळली. 88व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू नेदरलँड्सच्या स्नायडरसमोर पडला, त्याने तो सणसणीत हाणला आणि बरोबरी झाली. भरपाईची सहा मिनिटं मिळाली. त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला नेदरलँड्सचाच आर्येन रॉबेन उजवीकडून गोलरेषेला चिकटून पेनल्टी क्षेत्रात घुसला. चेंडू डाव्या पायाने आत ओढला आणि मेक्सिकोचा कर्णधार राफाएल मार्केसने पाय पुढे टाकला. बुटाला बूट लागला. रॉबेन दोन्ही हात फैलावून, छाती पुढे काढून हवेत गेला आणि कोसळला. पोर्तुगालचे रेफ्री पेद्रो प्रोएन्सा यांनी पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. बदली म्हणून आलेल्या हुंटेलारने गोल केला आणि सामना 2-1 ने संपला. 1994 पासून सलग सहाव्या विश्वचषकात मेक्सिको याच फेरीत बाद झाला.

‘नो एरा पेनाल’, म्हणजे ‘ती पेनल्टी नव्हतीच’, हे वाक्य त्यानंतर मेक्सिकोत घरोघरी झालं. प्रशिक्षक मिगेल एरेरा यांनी पराभवाचं खापर थेट रेफ्रीवर फोडलं. त्यातच रॉबेनने सामन्यानंतर डच टीव्हीवर कबुली दिली. शेवटची पेनल्टी खरी होती, पण पहिल्या हाफमध्ये आपण एकदा मुद्दाम पडलो, तसं करायला नको होतं, असं सांगून त्याने माफी मागितली. बहुतेकांनी यातला पहिला भाग ऐकलाच नाही. खेळाडूने स्वतःच गुन्हा कबूल केला, मग ती पेनल्टीही खोटीच, असा सरळ हिशेब लोकांनी मांडला.

हा सामना मी अभ्यासाला निवडला तो याचसाठी. ‘फुटबॉलवाले नाटकी असतात, बाकीच्या खेळातले मर्द असतात’ हे वाक्य फोर्टालेझाच्या नव्वद मिनिटांवर ठेवून पाहिलं तर ते टिकत नाही. फुटबॉलमधलं नाटक खोटं नाही, ते मला मनापासून खुपतं. पण त्याचं मूळ खेळाडूंच्या स्वभावात शोधणारे चुकीच्या जागी खणत आहेत असं माझं ठाम मत आहे.

तीन प्रसंग

त्या दिवशी एकाच खेळाडूबाबत तीन वेगळे प्रसंग घडले. ते एकत्र पाहिल्याशिवाय शेवटच्या शिट्टीचा अर्थ लागत नाही.

पहिला प्रसंग रॉबेनने कबूल केलेला. पहिल्या हाफमध्ये तो मुद्दाम पडला, रेफ्री फसले नाहीत, शिट्टी वाजली नाही. इथपर्यंत ठीक. पण त्याला पिवळं कार्डही मिळालं नाही. रेफ्रीला फसवण्याचा प्रयत्न, म्हणजे फाऊल झाल्याचा किंवा लागल्याचा बहाणा, हा फुटबॉलच्या नियमपुस्तकातल्या नियम 12 नुसार खिलाडूवृत्तीला सोडून असलेला प्रकार आहे आणि त्याला ताकीद ठरलेली आहे. ती दिली गेली नाही. सोंग वठलं नाही तरी खिशातून काही गेलं नाही.

दुसरा प्रसंग पहिल्या हाफच्या अगदी शेवटचा. रॉबेन पेनल्टी क्षेत्रात चेंडू घेऊन शिरला आणि मार्केस व एक्तोर मोरेनो दोघे एकदम त्याच्यावर आले. धडक इतकी जबर होती की त्यात मोरेनोच्याच पायाचं हाड मोडलं आणि त्याला मैदान सोडावं लागलं. माझ्या मते ही स्पष्ट पेनल्टी होती. शिट्टी वाजली नाही.

तिसरा प्रसंग शेवटचा. मार्केसने पाय टाकला, चेंडू त्याला मिळाला नाही, रॉबेनच्या पायाला स्पर्श झाला. नियमाच्या काट्यावर हा फाऊल आहे. सावकाश चित्रणात पाहिलं तरी मार्केसचा बूट त्याच्या पायावर पडलेला दिसतो. पण तेवढ्या स्पर्शाने माणूस असा उडत नाही. पाय अडला तर शरीर पुढे झुकतं आणि हात आपोआप जमिनीकडे जातात, तोल सावरायला. रॉबेनचे हात वर आणि मागे गेले होते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या मॉरिस आणि लुईस यांनी बनावट पडण्याच्या खुणांचा अभ्यास केला आहे. त्यातली सर्वांत ठळक खूण नेमकी हीच आहे: हात वर, छाती पुढे, डोकं मागे, पाय गुडघ्यात दुमडलेले, अंगाची ताणलेल्या धनुष्यासारखी कमान. खरोखर तोल जाणारा माणूस असा आकार घेत नाही.

म्हणजे फाऊल खरा आणि पडणं खोटं. या प्रकरणाचा सगळा गाभा इथे आहे. आपण वाद घालतो तो ‘पेनल्टी की नाटक?’ असा, जणू दोन्हीपैकी एकच असू शकतं. त्या क्षणी दोन्ही होतं.

आता रॉबेनच्या बाजूने बघा. हाफच्या शेवटी खराखुरा फाऊल झाला, त्याचं काहीच मिळालं नाही. मुद्दाम पडला, त्याची शिक्षा नाही. शेवटी स्पर्श झाला तेव्हा त्याने तो स्पर्श रेफ्रीला वीस-पंचवीस मीटरवरून दिसेल इतका मोठा करून दाखवला आणि सामना जिंकून दिला. या नव्वद मिनिटांनी त्याला काय शिकवलं? उभं राहण्यात नुकसान आहे, पडण्यात नाही.

एका शिट्टीची किंमत

2014 च्या त्या विश्वचषकात 64 सामन्यांत 171 गोल झाले, म्हणजे सामन्याला सरासरी 2.67. पेनल्टी साधारण चारातल्या तीन वेळा गोलात जाते. एक पेनल्टी म्हणजे पाऊण गोल धरला, तर रेफ्रीची एक शिट्टी सामन्यातल्या सरासरी एकूण गोलांच्या पाव हिश्श्याहून जास्त किमतीची होते. बास्केटबॉलमध्ये एका फाऊलवर दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही पडले, तरी ते दोनशेहून अधिक गुणांतले दोन. खेळाडू तेच, मोह तोच, पण बक्षिसात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यात मैदानाचा आकार धरा. शंभरएक मीटर लांब मैदान, बावीस खेळाडू, शिट्टी एकाच माणसाच्या हातात आणि मदतीला कडेवर दोन सहायक. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, त्याच्या कितीतरी लहान कोर्टवर दहा खेळाडूंसाठी तीन रेफ्री असतात, अमेरिकन फुटबॉलमध्ये सात. फुटबॉलचा रेफ्री धावत, धापा टाकत, एका कोनातून, एकदाच पाहतो. पुढे बचावपटूची पाठ आली की बुटाला बूट लागला का ते त्याला दिसतच नाही. दिसतं ते फक्त पडणारं शरीर, ऐकू येते ती किंकाळी. पडणाऱ्या खेळाडूला हे पक्कं ठाऊक असतं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा व्यावसायिक लीगमधल्या 60 सामन्यांतली पडझड बारकाईने तपासली होती. स्पष्ट बनावट पडणं एकूण पडण्याच्या सुमारे 6 टक्केच निघालं, म्हणजे लोक समजतात त्याहून कमी. पण त्यातल्या एकाही पडण्याला रेफ्रीने शिक्षा केली नव्हती. मला या दोन आकड्यांपैकी दुसरा जास्त अस्वस्थ करतो.

इतर खेळ धुतल्या तांदळासारखे आहेत का?

नाहीत. आणि याचा सर्वांत जवळचा दाखला क्रिकेटचा आहे, जो खेळ आपण सभ्यपणाचं माप म्हणून पुढे करतो.

जानेवारी 2008, सिडनी कसोटी. ऑस्ट्रेलियाचे 134 धावांत सहा गडी बाद झाले होते. अँड्र्यू सायमंड्स 30 वर असताना इशांत शर्माच्या चेंडूला त्याच्या बॅटची कड लागली आणि धोनीने झेल घेतला. पंच स्टीव्ह बकनर यांनी नाबाद ठरवलं. सायमंड्स जागेवरून हलला नाही. तो नाबाद 162 वर पोहोचला, ऑस्ट्रेलियाने 463 केल्या आणि भारत 122 धावांनी हरला. आपल्या बॅटला चेंडू लागला होता, हे सायमंड्सने दिवसाच्या खेळानंतर स्वतः सांगितलं. रॉबेनची कबुली याच्याशी ताडून पाहा. दोघांनीही पंचाच्या न दिसण्याचा फायदा घेतला आणि नंतर खरं सांगितलं. एकाला जगाने कपटी ठरवलं. दुसऱ्याच्या बाबतीत राग निघाला तो मुख्यतः पंचांवर, बकनर यांना पुढच्या पर्थ कसोटीतून दूर केलं गेलं.

फरक आहे हे मान्य. सायमंड्सने काही रचलं नाही, तो फक्त गप्प राहिला. रॉबेनने देखावा उभा केला. गप्प राहण्यापेक्षा रचणं वाईट, हे मलाही पटतं. पण जमिनीला टेकलेला झेल टिपल्याचा आव आणणारा क्षेत्ररक्षक, बॅटपासून वीतभर लांबून गेलेल्या चेंडूवर गळा काढून अपील करणारा यष्टिरक्षक, हे रचणंच आहे. क्रिकेटमध्ये ते इतकं मुरलंय की डोळ्यांना खटकत नाही. म्हणून तर 2003 च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध पंचांनी नाबाद ठरवूनही ॲडम गिलख्रिस्ट स्वतःहून चालता झाला, त्याची आठवण लोक आजही काढतात. तो नियम असता तर एवढी आठवण राहिली नसती.

रग्बीचा दाखला नेहमी दिला जातो: रक्त वाहत असतं तरी खेळाडू उठतो, रेफ्रीला ‘सर’ म्हणतो. त्याच रग्बीत एप्रिल 2009 मध्ये हार्लेक्विन्स संघाच्या टॉम विल्यम्सने लेन्स्टरविरुद्धच्या हायनेकेन कप उपउपांत्य सामन्यात नकली रक्ताची कॅप्सूल तोंडात फोडली. रक्त आलेल्या खेळाडूच्या जागी आधी बाहेर गेलेला खेळाडूही परत आणता येतो, आणि हार्लेक्विन्सला किक मारणारा निक इव्हान्स मैदानात हवा होता. प्रशिक्षक डीन रिचर्ड्स यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. रग्बीत फाऊलचं नाटक कमी आहे, कारण धडक हाच त्या खेळाचा रोजचा व्यवहार आहे, पडून काही मिळत नाही. ज्या फटीतून काही मिळत होतं, तिथे लगेच नाटक उगवलं.

पण शिक्षा किती कडक झाली ते पाहा. तीन वर्षं! रॉबेनवर फिफाने काहीही कारवाई केली नाही.

बास्केटबॉल आणि आइस हॉकी यांच्याकडून मात्र फुटबॉलला खरंच शिकण्यासारखं आहे. एनबीएत 2012-13 च्या हंगामापासून पडण्याच्या नाटकाला आधी ताकीद आणि मग 5,000 डॉलरपासून चढता दंड लागू झाला. कोट्यवधी कमावणाऱ्या खेळाडूंना त्याचं विशेष काही वाटलं नाही. 2023-24 पासून त्यांनी शिक्षा सामन्याच्या आत आणली: नाटक केलंस तर तांत्रिक फाऊल आणि समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. दंड खेळाडूच्या खिशातून जातो, पण गमावलेला गुण संघाच्या डोळ्यांसमोर फळ्यावर लागतो. क्रिकेटनेही 2017 मध्ये हाच मार्ग धरला. चेंडू हातात नसताना फेकल्याची हूल देऊन फलंदाजाला फसवलं तर पाच धावांचा भुर्दंड. लगेच त्याच हंगामात ऑस्ट्रेलियातल्या एकदिवसीय स्पर्धेत मार्नस लाबुशेनच्या संघाला तो बसला.

आइस हॉकीचं वैशिष्ट्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. एनएचएल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या नियमांत पडण्याचं नाटक किंवा लागलेल्याचा बाऊ करणं याला दोन मिनिटं बाहेर बसण्याची शिक्षा आहे. आणि रेफ्री एकाच प्रसंगात दोघांनाही बाहेर बसवू शकतो: एकाला फाऊलसाठी, दुसऱ्याला त्या फाऊलचा बाऊ केल्याबद्दल. ‘फाऊल खरा, पडणं खोटं’ हे वास्तव त्या नियमात मावतं. फुटबॉलच्या नेहमीच्या व्यवहारात ते मावत नाही.

कॅमेरा आल्यावर

2014 च्या स्पर्धेत चेंडूने गोलरेषा ओलांडली की नाही हे सांगणारं तंत्रज्ञान पहिल्यांदा होतं, पण पेनल्टीसाठी रेफ्रीला कसलीच मदत नव्हती. पुढच्या विश्वचषकात व्हीएआर आला, म्हणजे पडद्यावर चित्रण तपासून रेफ्रीला मदत करणारी व्यवस्था. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड, एवढ्याच चार बाबतींत तेव्हा तो वापरता येत होता.

22 जून 2018, सेंट पीटर्सबर्ग, ब्राझील विरुद्ध कोस्टारिका. सामना 0-0 असताना नेमार पेनल्टी क्षेत्रात मागच्या मागे कोसळला आणि डच रेफ्री ब्योर्न कायपर्स यांनी पेनल्टी दिली. मग पडद्याजवळ जाऊन पाहिलं आणि ती रद्द केली. जगभर टाळ्या पडल्या. पण त्या पडण्याबद्दल नेमारला कार्ड मिळालं नाही. कॅमेऱ्याने चुकीचं बक्षीस काढून घेतलं, खोटेपणाचा हिशेब मात्र मागितला नाही. फोर्टालेझातल्या पहिल्या प्रसंगासारखंच झालं: जमलं तर जमलं, नाही जमलं तर काही बिघडत नाही.

आणि फोर्टालेझातच व्हीएआर असता तर? हाफच्या शेवटची पेनल्टी बहुधा मिळाली असती. शेवटची बदलली नसती, कारण रेफ्रीचा निर्णय उघड आणि स्पष्ट चुकीचा असेल तरच तो फिरवायचा असतो आणि इथे स्पर्श झाला होता. म्हणजे मेक्सिकोविरुद्ध एकाऐवजी दोन पेनल्टी दिल्या गेल्या असत्या. मेक्सिकोच्या चाहत्यांना हे वाचून राग येईल. पण त्यांच्यावर झालेला खरा अन्याय पेनल्टीचा नव्हताच. ज्या खेळाडूला आधी पिवळं कार्ड मिळायला हवं होतं तो बिनधास्त खेळत राहिला, हा होता. कार्ड डोक्यावर असताना त्याने शेवटी तशी उडी घेतली असती का, हा प्रश्न मला पेनल्टीपेक्षा मोठा वाटतो.

जास्त डोळे आणि कॅमेरे आणले की भागतं, असंही नाही. 20 जानेवारी 2019 ला न्यू ऑर्लिन्समध्ये रॅम्स आणि सेंट्स यांच्यातल्या एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, उपांत्य म्हणावा अशा सामन्यात सात पंच मैदानात असूनही सगळ्या स्टेडियमला दिसलेला फाऊल कुणी दिला नाही. ओरड झाली, पुढच्या हंगामात त्या प्रकारचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासायचा नियम आला आणि एका हंगामातच गुंडाळला गेला. तारतम्याचा निर्णय पडद्यावर पाहिला तरी तारतम्याचाच राहतो.

हाताशी असलेले उपाय

सामन्यानंतर बंदी घालणं हा मार्ग फुटबॉलने चाचपून पाहिला आहे. ऑगस्ट 2009 मध्ये आर्सेनलच्या एदुआर्दोने सेल्टिकविरुद्ध पडून पेनल्टी मिळवली. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, दोन सामन्यांची बंदी घातली आणि अपिलात ती उठली, कारण रेफ्रीला फसवल्याचं पुरेसं सिद्ध होत नव्हतं. इंग्लंडने 2017-18 पासून वेगळी वाट धरली. तज्ज्ञांच्या समितीचं एकमत झालं तर दोन सामन्यांची बंदी, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये एव्हर्टनचा उमर नियास हा प्रीमियर लीगमधला त्याचा पहिला मानकरी ठरला. चांगलं पाऊल. पण लीगमध्ये पुढचा सामना आठवड्याने असतो, विश्वचषकाच्या बाद फेरीत हरलेल्या संघाला पुढचा सामनाच नसतो. मेक्सिकोला दुसऱ्या दिवशीच्या शिक्षेचा काय उपयोग?

अमेरिकेच्या एमएलएस या फुटबॉल लीगने 2024 पासून लावलेला नियम मला जास्त नेमका वाटतो. लागलं म्हणून पंधरा सेकंदांहून जास्त पडून राहिला आणि वैद्यकीय मदत आत आली, तर काही अपवाद वगळता खेळाडूने दोन मिनिटं बाहेर थांबायचं. खरं लागलंय की नाही हे रेफ्रीने ठरवायचं कारण नाही, पडून राहण्याची किंमत संघ तिथेच मोजतो. युरो 2024 मध्ये रेफ्रीजवळ जाऊन बोलण्याचा हक्क फक्त कर्णधाराला ठेवला, तोही चांगला बदल. घोळक्याने घेरलेल्या रेफ्रीचा निर्णय शांत डोक्याचा कसा असेल?

पण मला हवा आहे तो बदल आइस हॉकीसारखा. फाऊल झाला तर फाऊल द्या आणि त्याच वेळी पडणाऱ्याने बाऊ केला असेल तर त्याला पिवळं कार्ड द्या. लागल्याचा बहाणा करणं आजही नियम 12 मध्ये ताकीदपात्र आहे, त्यामुळे यासाठी नवं पुस्तक लिहावं लागणार नाही. फक्त दोन्ही गोष्टी एकाच शिट्टीत करण्याची सवय लावावी लागेल. त्याच्या जोडीला दुसरी बाजूही हवी: धडक बसूनही जो पायावर उभा राहतो आणि तोल गेल्यामुळे संधी गमावतो, त्याला फाऊल मिळालाच पाहिजे. आज रेफ्री त्या वेळी ‘खेळा’ म्हणून हात पुढे करतात आणि खेळाडू मनाशी नोंद करतो, पुढच्या वेळी पडायचं. पडणं ही फाऊलची खूण धरूच नये. ही दुसरी बाजू पहिलीपेक्षा कठीण आहे, कारण त्यात रेफ्रीला देखावा नसताना शिट्टी फुंकायची असते, बचाव करणाऱ्या संघाच्या प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात.

हा मापदंड त्या दुपारी लावला असता तर हिशेब असा झाला असता: पहिल्या हाफमध्ये रॉबेनला सोंगासाठी पिवळं कार्ड, हाफच्या शेवटी नेदरलँड्सला पेनल्टी. भरपाई वेळेत पुन्हा पेनल्टी, मार्केसला मिळालं तसं पिवळं कार्ड, आणि रॉबेनलाही त्या उडीसाठी दुसरं. म्हणजे लाल. हुंटेलारने ठिपक्यावर चेंडू ठेवला असता तेव्हा रॉबेन बोगद्यातून आत चालला असता, आणि पुढच्या शनिवारी कोस्टारिकाविरुद्धच्या उपउपांत्य सामन्यात डच संघाला त्याच्याविना उतरावं लागलं असतं.